रोझेर लालांसेत आणि सहा खोल्यांची ऊब

सेंत-ओर्तांस गावात हिवाळ्यात कुणाच्याही घरी गेलात, तर भिंतीच्या बुडाशी पत्र्याची एक लांबट पट्टी दिसेल आणि दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, एक गोल बटण. पट्टीच्या आत विजेची तार तापते आणि ऊब वर येते. बटण फिरवलं की कमी-जास्त. गावातल्या दहा घरांपैकी आठ घरांतल्या पट्ट्या आणि बटणं रोझेर लालांसेतने बसवलेली. चाळीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. उन्हाळ्यात मासे धरले, ब्लूबेरी वेचल्या, तेवढंच.

रोझेर अकरा भावंडांतला नववा. त्याच्या लहानपणी घरात ऊब म्हणजे स्वयंपाकघरातली लाकडावर चालणारी बिडाची चूल. संध्याकाळी चुलीच्या भट्टीचं दार उघडं टाकायचं आणि त्याच्यावर पाय टेकायला भावंडांची मारामारी. वर झोपायच्या खोल्यांत भिंतीतल्या खिळ्यांच्या डोक्यांवर हिम धरलेलं असे. आई तापवलेल्या विटा फडक्यात गुंडाळून देई, त्या छातीशी धरून मुलं जिन्यावरून पळत सुटत आणि रजईत शिरत.

मग उत्तरेकडे धरणं झाली, जंगल कापून विजेचे मनोरे आले, आणि रॉकेलच्या भट्ट्या, लाकडाच्या चुली सगळ्यांनाच नकोशा झाल्या. रोझेर तेव्हा एका म्हाताऱ्या वीजमिस्त्रीच्या हाताखाली नुकता तयार झाला होता. एका हिवाळ्यात त्याने एकतीस घरं केली. चुली निघाल्या, कुणी अंगणात टाकल्या, कुणी भंगारवाल्याला दिल्या. चौऱ्याहत्तर साली त्याने स्वतःच्या आईचं घर करायला घेतलं.

आई आल्मा सत्तरीला टेकलेली. मुलं तिच्याशी अहो-जाहो करूनच बोलत, त्या वेळच्या घरांत तशीच रीत होती. पाच दिवस रोझेर राबला. सहाव्या दिवशी त्याने आईला बटणापाशी नेलं.

"आई, आता लाकडं फोडायला नकोत, राख उपसायला नको. हे फिरवा, झालं."

आल्माने बटण फिरवलं. आतून 'टक्' असा आवाज आला.

"आणि पाय कुठे ठेवू?" तिने विचारलं.

रोझेर हसला. पण महिन्याने एका रविवारी तो जेवायला गेला तेव्हा घरात राहणारी चारही भावंडं कोट घालून स्वयंपाकघरात पत्ते खेळत बसली होती. "वर बर्फाचा कारखाना आहे," धाकटा भाऊ म्हणाला. आपल्याच आईच्या घरात आपलं काम फसलं! जेवण टाकून तो तळघरात उतरला. एकेक तार तपासली, सगळं ठाकठीक होतं. मग वर जाऊन पाहिलं, तर चारही खोल्यांची बटणं शून्यावर.

"हे कुणी केलं?"

"मी केलं," आल्मा सूप ढवळत म्हणाली. "खोल्या गरम झाल्या आणि माझी पोरं गायब झाली. जेवलं की ज्याचा तो वर. इथे मी आणि घड्याळ. म्हटलं, थंडी वाजली की येतील खाली. आली बघ."

"आई, मी पाच दिवस मरमर काम केलं."

"फार छान केलंस रे. स्वयंपाकघर मस्त तापतं."

हा किस्सा रोझेर पुढे आयुष्यभर सांगत असे, आणि सांगताना आईसारखा पळी ढवळण्याचा अभिनय करी. पण त्या रविवारनंतर त्याने एक गोष्ट सुरू केली, ती मात्र कुणाला सांगितली नाही. कुठल्याही घरी स्वयंपाकघरासाठी जेवढी पट्टी हिशोबाने लागे, त्याहून तो हातभर लांब लावी. घरमालकाने विचारलं तर म्हणे, "बाहेरची भिंत आहे, लागते."

फ्लोरेत त्याला भेटली तीही कामावरच. तिच्या वडिलांचं घर गावाबाहेर, चीजच्या कारखान्याच्या वाटेवर. तिथे रोझेरने दोन खोल्यांच्या तारांची अदलाबदल केली. फ्लोरेत आपल्या खोलीचं बटण वाढवी आणि पलीकडे आई-वडील घामाने निथळत उठत. ती थंडीने काकडून बटण आणखी वाढवी. चार दिवसांनी तिचा बाप रोझेरच्या दारात उभा राहिला. रोझेर गेला, तारा सरळ केल्या. आठवड्याने पुन्हा गेला, नीट बसल्यात का बघायला. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत गेला. फ्लोरेतने दार उघडलं आणि म्हणाली, "आज काय बिघडलंय ते आधीच ठरवून आलायस का, की मी काही सुचवू?"

लग्न झालं आणि सत्याहत्तरात त्यांनी घर बांधलं. सहा खोल्या, सहा बटणं. स्वयंपाकघर, बैठक, नवरा-बायकोची खोली, मोरी आणि वरच्या मजल्यावर मुलांच्या दोन. बटणांवरचे आकडे फॅरनहाइटमधले, आपण ताप मोजतो तसले. बाहेर सरकारने सगळं सेल्सियसमध्ये केलं, तरी लालांसेतांच्या घरात 'अडुसष्ट' म्हणजे बेताची ऊब आणि 'बहात्तर' म्हणजे पाहुणे आलेत, हेच राहिलं. मुलं तीन. सिल्व्हँ आणि दानी एका खोलीत, जोझे दुसरीत.

जोझे अकरा वर्षांची असताना एका शनिवारी बापाच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. हत्यारांचा पट्टा तिने स्वतःच्या कमरेला गुंडाळला होता, दोन वेढे देऊन.

"मी येते आज."

"कुठे?"

"कामावर. सिल्व्हँला नेलं होतंस."

"सिल्व्हँ मुलगा आहे. चल, काढ तो, आईला मदत कर."

तिने पट्टा काढला, पायरीवर ठेवला आणि आत गेली. रडली नाही, भांडली नाही. सिल्व्हँला त्या कामात रस नव्हता, तो पुढे खाणीवर गेला. दानी पश्चिमेकडे गेला तो तिकडचाच झाला. जोझे दूर त्र्वा-रिव्हिएर शहरातल्या शाळेत गणित शिकवू लागली. वर्षात तीन-चारदा गाडी चालवत घरी येई. रोझेरच्या हातचं काम मात्र कुणीच उचललं नाही, आणि त्यानेही कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

साठी उलटल्यावर त्याने काम थांबवलं आणि गाडी विकली. मग फ्लोरेतच्या डोळ्यांचा पडदा झिजू लागला. आधी वाचणं गेलं, मग समोरच्या माणसाचं तोंड. पाहायचं त्याच्या मधोमध धुक्याचा गोळा आणि कडेकडेने थोडं जग, एवढंच शिल्लक राहिलं. रोझेरने सहाही बटणांवर अडुसष्टच्या जागी कानशीने खाच पाडून दिली. फ्लोरेत बोटाने खाच चाचपून बटण लावी. असं सात वर्षं चाललं.

त्यानंतर रोझेरचे हात कापायला लागले. कपातला चहा बशीत उतरे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, वयाने होतं, पण जाणार नाही.

त्या हिवाळ्यात जोझेने बापाला न विचारता एक खोकं मागवलं. शाळेच्या हिवाळी सुटीत, फेब्रुवारीच्या अखेरीस, ती ते घेऊन आली. खोक्यात सहा नवी बटणं. त्यांना बटण म्हणायचं कशाला! नुसत्या पांढऱ्या गुळगुळीत चौकोनी पाट्या होत्या. सोबत राउटरला जोडायची एक छोटी पेटी आणि हातात मावेल अशी एक गोल डबी.

"ही बोलते," जोझे म्हणाली. "आईने नुसतं तोंडाने सांगायचं, अमुक खोली इतकी गरम कर. पाटी ऐकते."

"मी पंचेचाळीस वर्षं सांगतोय, कोण ऐकतं?" रोझेर म्हणाला.

"म्हाताऱ्या, मला जिन्यावरून वर जाता येत नाही हल्ली," फ्लोरेत मध्येच बोलली. "मुलं येणार म्हटलं की तू चढतोस आणि मी खाली श्वास धरून बसते. लावू दे तिला."

रोझेरने एक पाटी हातात घेतली, उलटी केली, चष्मा कपाळावर ढकलून मागच्या तारा पाहिल्या. हातातली पाटी थरथरत होती. ती त्याने टेबलावर ठेवली.

"मला स्क्रू धरता येणार नाही," तो म्हणाला.

असं तो पहिल्यांदाच बोलला.

"मी धरते," जोझे म्हणाली. "तू सांग."

"तुला परवाना नाही."

"परवाना तुझा, हात माझे."

रोझेरने फ्लोरेतकडे पाहिलं. ती दिसत नसलेल्या डोळ्यांनी खिडकीकडे बघत होती आणि ओठ दाबून हसत होती. तो उठला. "तळघरात चल. आधी वीज बंद. आणि बंद केलीस तरी भरवसा ठेवायचा नाही. तारेला विचारायचं."

जोझेने मुख्य पेटीतला खटका पाडला. बापाने सांगितलं तसं बैठकीतल्या बटणाचं झाकण काढलं, तपासणीचं यंत्र तारांना लावलं. काही नाही. "पुन्हा," रोझेर म्हणाला. पुन्हा लावलं, काही नाही. "आता हात लाव."

तो खुर्ची ओढून तिच्या खांद्यामागे बसला. जुनं बटण भिंतीतून निघालं, मागे चार तारा, पंचेचाळीस वर्षांत काठीसारख्या ताठ झालेल्या.

"यांतल्या पेटीकडून येणाऱ्या कुठल्या आणि हीटरकडे जाणाऱ्या कुठल्या, ओळखायचं कसं?"

"ज्या वर वळल्यात त्या पेटीकडून. मी सगळीकडे तशाच वळवायचो. म्हटलं, पुढे जो उघडेल त्याला त्रास नको."

जोझेने तारा वेगळ्या केल्या, नव्या पाटीच्या तारांशी पिळल्या आणि वर प्लॅस्टिकच्या टोप्या फिरवून बसवल्या. पहिली टोपी ओढताच निसटली. रोझेरचा हात आपोआप पुढे गेला आणि हवेतच थांबला. मग तो मांडीवर परत आला.

"उजवीकडे पीळ. अजून. बोटं दुखली की समजायचं झालं."

बैठकीला दोन तास लागले. स्वयंपाकघराला एक. नवरा-बायकोच्या खोलीला पाऊण. वरच्या मजल्यावर जाताना रोझेर कठडा धरून तिच्या मागोमाग चढला. जोझेच्या खोलीतली पाटी बसवताना तिची मान वाकलेली होती, तोंडात दोन स्क्रू धरलेले होते. रोझेरने ते पाहिलं. स्क्रू तोंडात धरायची खोड त्याची स्वतःची. त्याच्या म्हाताऱ्या उस्तादाने त्यासाठी त्याला कितीदा टपल्या मारल्या होत्या.

"तेव्हा न्यायला हवं होतं तुला," तो म्हणाला.

जोझेने वळून पाहिलं नाही. तोंडातला एक स्क्रू काढून हातात घेतला.

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आधी वरचा लावू का खालचा?"

"वरचा. पूर्ण आवळू नकोस, पाटी सरळ करता आली पाहिजे."

एवढंच दोघांत बोलणं झालं. पण त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला फ्लोरेतने गुरगान नावाच्या तिकडच्या मोठ्या पावट्यांचं सूप वाढलं तेव्हा रोझेरने पहिली वाटी जोझेपुढे सरकवली. कामावरून आलेल्या माणसाला त्या घरात पहिली वाटी मिळत असे.

दुसऱ्या दिवशी मोरी झाली आणि मग खरी गंमत सुरू झाली. पाट्या भिंतीत होत्या, छोटी पेटी राउटरला लागली, जोझेच्या फोनमध्ये सहाही खोल्या उमटल्या. प्रत्येक खोलीला नाव द्यायचं होतं. जोझेने शाळेतल्या सवयीने नीट शुद्ध नावं लिहिली. मग फोनमधून त्या बोलक्या डबीची आणि पाट्यांची ओळख करून दिली. डबीने शोधलं आणि पाच सापडल्या. सहावीसाठी जोझे पुन्हा मोरीत गेली, पाटीवर बोट दाबून उभी राहिली, तेव्हा तीही सापडली.

"आई, बोल आता. आधी तिला नावाने हाक मार, मग सांग."

फ्लोरेतने पदराशी चाळा करावा तसा ॲप्रनच्या टोकाशी चाळा केला. डबीला हाक मारली, आणि चर्चमधल्या पाद्रीबाबांशी बोलावं तशा आदराने म्हणाली, "बाई, तेवढी मोरी तापवता का जरा?"

डबी गोड आवाजात बोलली, "क्षमा करा. या नावाचे उपकरण मला आढळले नाही."

"काय म्हणाली ती?"

"तिला मोरी कळली नाही. मी 'स्नानगृह' लिहिलंय."

"स्नानगृह!" रोझेर म्हणाला. "आपल्याकडे कुठे आलं ते? बापजाद्यांची मोरी अंगणात होती, मी ती घरात आणली. नाव तेच."

"म्हणून बघ की आई, स्नानगृह."

"मेले तरी म्हणणार नाही. मी या घरात पंचेचाळीस वर्षं राहतेय, ती काल आली. तिने शिकावं."

जोझेने हसत फोनमध्ये 'मोरी' लिहिलं. पुढची अडचण आकड्यांची. फ्लोरेत म्हणाली, "स्वयंपाकघर बहात्तर कर."

"क्षमा करा. कमाल मर्यादा तीस अंश आहे."

"बहात्तर म्हणतेय मी, बहात्तर! कानात काय गेलंय तिच्या?"

"आई, ते आता बावीस."

"बावीसला माणूस गोठेल!"

फोनमध्ये फॅरनहाइटही निवडता येत होतं, पण ते सापडायला जोझेला अर्धा तास लागला. तोवर रोझेर डबीसमोर खुर्ची टाकून बसला आणि तिच्याशी दोन हात करू लागला. सेंत-ओर्तांससारख्या तळ्याकाठच्या गावांतली माणसं बोलताना शब्दांचे शेवट गिळतात, दोन शब्दांचा एक करतात. "लाव की जरा वरती" हे रोझेरच्या तोंडून निघताना "लावकीजरती" असं निघालं, आणि डबीने कुठल्यातरी दूरच्या शहरातलं हवामान सांगितलं. तो परत बोलला. तिने एक गाणं लावलं. तिसऱ्यांदा त्याने छाती भरून, एकेक शब्द तोडून सांगितलं, आणि डबी म्हणाली, "ठीक आहे. सर्व खोल्या अठ्ठावीस अंशांवर आणत आहे." घर तापू लागलं. फ्लोरेत हसून हसून खुर्चीला टेकली. "नवऱ्या, पहिल्यांदा आलास तेव्हाही हेच केलं होतंस. माझं बटण, घाम बाबांना!"

आठवड्यात फ्लोरेत तयार झाली. तिचं बोलणं डबीला कळू लागलं, की तीच डबीसारखं बोलायला शिकली, ते नीट सांगता येणार नाही. कमी-जास्त करणं, किती आहे विचारणं, वरच्या खोल्यांची ऊब बंद करणं, सगळं ती खुर्चीतून करी. जोझे परत गेली. रोझेरला वाटलं, संपलं काम.

पण तीन दिवसांनी सकाळी तो उठून स्वयंपाकघरात आला तर फ्लोरेत शाल पांघरून, कॉफी न करता बसलेली.

"काय झालं? थंडी वाजतेय?"

"नाही. गरम आहे."

"मग?"

"घर गप्प झालंय," ती म्हणाली.

त्याला कळेना. तिने समजावलं. जुन्या बटणांत ऊब लागली-सुटली की टक् वाजे. नव्या पाट्या एका क्षणाला सुरू, एका क्षणाला बंद, आवाज म्हणून नाही. "डोळे जायच्या आधीपासून मी त्या आवाजावर चालायचे," ती म्हणाली. "तू कामावर असायचास. मुलं शाळेतून येऊन आधी बटणाकडे जायची. सिल्व्हँ हळू फिरवायचा, एक टक्. दानी जोरात, खाडकन. मी खाली बटाटे सोलताना मला कळायचं, कोण आलं, कसा आला. दानी परीक्षेत नापास झाला ते मला बटणावरून कळलं होतं. जोझे बटणाला हातच लावायची नाही. तशीच थंडीत वाचत बसायची. मग मी वर जाऊन लावायचे. आता डबीला विचारलं की ती सांगते. पण विचारावं लागतं. आधी नुसतं कळायचं."

रोझेर उभाच राहिला. ती बटणं त्याने किती भिंतींत बसवली, त्याची मोजदाद त्याच्याकडे नव्हती. प्रत्येकाचा आवाज त्याने ऐकला होता, पण तो फक्त बरोबर बसलंय की नाही हे तपासायला. त्या आवाजाखाली कुणी बाई बटाटे सोलत बसली असेल आणि तिला त्यातून घर कळत असेल, हे त्याच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. त्याला ती सगळी घरं एकदम आठवली. त्यांतली बरीचशी आता कुलपात किंवा नव्या माणसांची.

"परत लावू जुनी," तो म्हणाला. "सगळी ठेवलीत मी, तळघरात."

"सगळी कशाला? जोझेला वाईट वाटेल. आणि मला त्या डबीशी बोलायलाही आवडतं, खोटं का बोलू. एक लाव."

"कुठलं?"

फ्लोरेतने विचार केला. "मोरीतलं. ते सगळ्यात जोरात वाजतं."

"मोरीवरून एवढं रामायण झालं आणि..."

"तिला शिकवलं ना तो शब्द? मग झालं."

ईस्टरला जोझे आली आणि तिने हसू आवरत मोरीतली पाटी काढून जुनं बटण परत बसवलं. या वेळी तिला चाळीस मिनिटं लागली. रोझेर खुर्चीवर बसला होता, पण एकदाच बोलला: "तारेला विचारलंस का?" तिने दोनदा विचारलं होतं.

पुढच्या जानेवारीत रोझेरला खुब्याचा सांधा बदलायला शिकूतिमी शहरातल्या इस्पितळात न्यावं लागलं. अकरा दिवस. जोझे शाळा सोडून येते म्हणाली, फ्लोरेतने साफ नाही म्हटलं. शेजारची गिस्लेन सकाळ-संध्याकाळ डोकावे, जेवण आणून ठेवी. उरलेला वेळ फ्लोरेत एकटी. बाहेर उणे पस्तीस. त्र्वा-रिव्हिएरला बसून जोझे मधल्या सुटीत फोन उघडी आणि घरातल्या पाच खोल्या पाहून घेई. स्वयंपाकघर बहात्तर, बैठक सत्तर, निजायची खोली अडुसष्ट, वरच्या दोन्ही पंचावन्न. सगळं ठीक.

सहाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिने पाहिलं तर वरच्या दोन्ही खोल्या बहात्तरवर होत्या. बैठकही. सगळंच घर बहात्तरवर. तिला वाटलं डबीने पुन्हा काहीतरी भलतंच ऐकलं. तिने फोन लावला.

"आई, कोण आलंय?"

"कुणी नाही गं."

"मग वरच्या खोल्या?"

"मीच सांगितलं डबीला." फ्लोरेतचा आवाज जरा दमलेला होता, पण मजेत होता. "थंड खोलीशी आले की मला वाटतं भिंत आली. पाय पुढे पडत नाही. म्हटलं, आज सगळी भिंत काढून टाकू. दारं उघडी ठेवली आणि हिंडले घरभर."

"जिना चढलीस? एकटी?"

"बसून चढले. एकेक पायरी, लहान पोरासारखी. कुणी बघायला नव्हतं. तुझ्या खोलीत गेले, पलंगावर जरा पडले. सिल्व्हँच्या कपाटाला अजून हॉकीच्या बुटांचा वास येतो, तुला माहीत आहे? उतरलेही तशीच. बाबाला सांगू नकोस."

जोझेने त्याच संध्याकाळी बाबाला सांगितलं. रोझेरने इस्पितळाच्या पलंगावरून फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लागेल. सुताराला फोन कर."

घरी आल्यावर तो फ्लोरेतला काही बोलला नाही. कठडा लागला. रविवारी दुपारी वरच्या खोल्या तापवायचा रिवाज मात्र पडला तो पडलाच. दोघं काठ्या टेकत, कठडे धरत वर जाऊन बसत. तो दानीच्या पलंगावर, ती जोझेच्या, मधलं दार उघडं. तिथून एकमेकांशी मोठ्याने बोलत.

गावात हे पसरायला वेळ लागला नाही. गिस्लेनला आपल्या घरी तसंच हवं झालं. पोस्टातून निवृत्त झालेल्या लुसिएंलाही. सगळ्यांच्या भिंतींत तारा रोझेरच्याच, वर वळलेल्या त्या पेटीकडून, खाली वळलेल्या त्या हीटरकडे. आता सुटीत जोझे येते तेव्हा तिच्यासाठी दोन-तीन घरं थांबलेली असतात. गावातला एक परवाना असलेला मिस्त्री कागदावर सही करतो आणि रोझेर खुर्चीवर बसून सूचना देतो. त्या दिवसेंदिवस कमी होत चालल्यात.

फ्लोरेतही बरोबर जाते. पाट्या लागल्या, नावं लिहून झाली की घरच्या माणसांना डबीशी बोलायला शिकवायचं काम तिचं. गेल्या ख्रिसमसच्या आधी गिस्लेनचा नवरा डबीसमोर उभा राहून लाल होईपर्यंत ओरडत होता आणि डबी पुनःपुन्हा क्षमा मागत होती. फ्लोरेतने अंदाजाने हात पुढे केला, त्याची बाही धरली आणि त्याला आपल्या शेजारी खाली बसवलं.

"ओरडू नकोस रे, ती बहिरी नाही. शब्दाचं शेपूट गिळू नकोस, बस्स. हं, घे श्वास. आता म्हण."